गुरुवारी मासा कोणी दिला

माझा स्वभाव मुळातच संशयी, आणि तीस वर्षं मला त्याच स्वभावाचा पगार मिळाला. सुरतेच्या बमरोली भागातल्या एका मिलमध्ये मी कापड तपासायला होते. टेबलावरून तागा सरकत जायचा आणि मी तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरलेली जागा शोधायची. चांगलं कापड कसं असतं हे मला सांगता येणार नाही. खोट कुठे आहे ते लगेच सांगेन. मोतीबिंदू झाला तेव्हा काम सुटलं, सवय सुटली नाही.

म्हणून दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या मुलीने तिचा जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "माय, तुनाकरता गंमत आनेल शे," तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला, का?

गंमत म्हणजे संगणकावरचा एक खेळ. अंड्यातून प्राणी काढायचा, त्याला खाऊ घालायचं, न्हाऊ घालायचं, खेळवायचं. लक्ष दिलं नाही तर तो आजारी पडतो. खेळ फुकट आहे, असं ती म्हणाली. जन्म सुरतेत काढलेल्या बाईला फुकट हा शब्द ऐकवू नये. इथे चिंधीसुद्धा वजनावर विकली जाते.

सुरुवातीलाच त्या खेळाने माझी जन्मतारीख विचारली.

"मनी जन्मतारीख जानीसन याले काय करनं शे?" मी म्हटलं.

मुलगी हसली. मी खोटी तारीख घातली. मग लॅपटॉपच्या वरच्या कडेला बारीक डोळा दिसला. तो कॅमेरा आहे म्हणाली. मी तिच्या कपाळावरची टिकली काढून त्याच्यावर चिकटवली आणि मगच अंडं फोडलं. आतून पिवळं काहीतरी निघालं, धड मांजर नाही, धड ससा नाही, पुढचे दोन दात बाहेर.

हा प्राणी आम्हा दोघींचा मिळून होता. ती पुण्यातूनही त्याला भरवू शकणार होती, आणि कोणी कधी काय दिलं याची नोंद एका पानावर दोघींना दिसणार होती. हे ऐकलं आणि कुठेतरी पाणी मुरतंय हे माझ्या लक्षात आलं. त्याच वर्षी गणपतीत न्हाणीघरात माझा पाय घसरला होता. तेव्हापासून तिचा एकच धोशा, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे राहायला ये. त्यासाठी तिने तिकडे दोन खोल्यांची जागा घेऊन ठेवली होती. पण हे घर तिच्या वडिलांनी आणि मी एकेक भिंत करून उभं केलेलं. ते गेल्यावरही मी इथेच राहिले आणि मला इथेच राहायचं होतं. खेळ कसला, आई उठली की नाही हे बघायची ती सोय होती. दोन-चार वेळा खाणं चुकलं की ही मला न्यायला येणार.

मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. सकाळी सातच्या ठोक्याला सफरचंद, दुपारी बाराला परत, संध्याकाळी पाचला परत. अंगात ताप होता त्या दिवशीही सातला उठून भरवलं आणि मग झोपले. त्या प्राण्यावर माझी माया होती असं नाही. मी रोज हजेरी लावत होते.

असा महिना गेला. मार्गशीर्षातला गुरुवार आला. घरात महालक्ष्मी मांडलेली, मला उपास. चित्रातला असला तरी प्राणी माझ्या घरात जेवतो, म्हणून त्यालाही सकाळी फळच दिलं होतं. बाराला लॅपटॉप उघडून बघते तर त्याचं पोट भरलेलं आणि शेजारी माशाचा काटा.

मी भडकले. नोंदीचं पान उघडलं. सात वाजता सफरचंद, मी. पावणेबाराला मासा, मुलगी. तिला चांगलं झापावं म्हणून फोन हातात घेतला आणि थांबले. पावणेबाराला ती ऑफिसात असते. तिथे मोबाईल बाहेर जमा करावे लागतात, संगणकावर बाहेरचं काही उघडत नाही. दिवसा फोन का उचलत नाहीस म्हणून मी कुरकुरले की तीन वर्षं ती हेच सांगत आली होती. आज रजा असेल म्हणून मी पान मागे सरकवलं. बुधवारी दोन वाजता. मंगळवारी साडेदहा. त्याच्या मागच्या आठवड्यातही तसंच, थेट दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत. महिनाभर मी त्या पानावर फक्त माझ्या ओळी जागेवर आहेत ना, एवढंच बघत होते. तिच्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या.

आपला संशय खोटा निघावा असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मी फोन लावला. तिने लगेच उचलला.

"माय, मी ऑफिसमा शे. नंतर फोन करस."

मागे कुकरची शिट्टी झाली.

"तुनी नोकरी गयी का?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तुले कोनी सांगं?"

"आज गुरुवार शे. आनि तू दुपारले मासा दिधा."

ती रडायला लागली. नोकरी दिवाळीच्या आधीच गेली होती. म्हणजे माझ्यासोबत चकल्या पाडताना, रात्री माझ्याशेजारी झोपताना ती हे पोटात घेऊन होती. एवढा मोठा डाग असलेला तागा माझ्याच टेबलावरून गेला आणि मी तो पास केला.

ती थोडी शांत झाल्यावर मी विचारलं, "मंग हाऊ खेळ? मायवर पहारा ना?"

"पहारा नही व माय," ती म्हणाली. "दिवसभर घरमा कोनीच नही ऱ्हास. सकायले सातले तुनं नाव दिखस, मंग मी उठस. नहीते उठाले मनच होत नही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सातचा ठोका पाळत होते तो तिला जिंकू द्यायचं नाही म्हणून, आणि ती त्याच्यावर उठत होती.

"मी येस तुनाकडे," मी म्हटलं.

"आनि घर?"

"घरले कुलूप लायी देस."

ती हळूच म्हणाली, "कितला दिन ऱ्हाशी?"

ते मला ठाऊक नव्हतं. फोन ठेवला आणि मी स्टुलावर चढून माळ्यावर हात घातला. तिथे दोन बॅगा होत्या. मी मोठी काढली.