धनीबाईची चुंबळ

पुसदच्या त्या शाळेतले पाण्याचे रांजण भरायचं काम धनीबाईकडे होतं. विहीर शाळेमागच्या उतारावर. सकाळी शाळा भरायच्या आत घागरीमागून घागर वर आणायची, आणि मधल्या सुट्टीत पोरांनी रांजण कोरडे केले की पुन्हा आणायची. नवरा रामधन तापाने गेला तेव्हापासून ती बंजाऱ्यांचा आपला तांडा सोडून इथेच होती. घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ लग्नातली, आई सुखीबाईने हाताने शिवलेली. कवड्या कधीच झडल्या होत्या, आरसा एकच उरला होता, पण आतली चिंध्यांची गादी अजून दमदार होती.

विज्ञान शिकवणाऱ्या गावंडे सरांना ही चुंबळ फार आवडायची. शाळेत प्रयोगाचं सामान म्हणाल तर एक तराजू आणि एक फुटकं भिंग. मग आठवीला दाबाचा धडा आला की सर धनीबाईला वर्गात बोलावत. भरली घागर चुंबळीवर घेऊन ती उभी राहायची. सर विचारत, "दुखतं का?" ती म्हणायची, "नाही जी." मग सर चुंबळ काढून घेत आणि तीच घागर उघड्या टाळूवर ठेवायला लावत. घागरीचं बूड गोल, सगळा भार रुपयाएवढ्या जागेवर. "आता?" "आता लय दुखते जी." पोरं खो खो हसत, आणि सर फळ्यावर लिहीत: वजन तेवढंच, जागा कमी, म्हणून दाब जास्त. पोरं हा धडा कधी विसरत नसत. धनीबाईची टाळू त्यानंतर किती दिवस ठणकत राही, ते कोणी विचारलं नाही.

गावंडे सर वाईट नव्हते, हीच तर अडचण. वाईट माणसाला निदान मनातल्या मनात शिव्या देता येतात. हे सर तिला नंतर चहा पाजत आणि म्हणत, "धनीबाई, तुझ्यामुळे पोरं पास होतात." आणि ती वेडी खूश व्हायची. तांड्यावर काकाकडे ठेवलेला आपला पोरगा खेमसिंग एक दिवस याच बाकावर बसेल, याच सरांकडून शिकेल, एवढ्यासाठी तिने मान मोडून घेतली असती.

महाराष्ट्र राज्य नवं झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी खेमसिंग तांड्यावरून आठवीला आला. नाव घालायला काका पूनमसिंग आला होता, आणि राहायला वसतिगृह मिळालं. पहिल्याच दिवशी पोराने तिला विहिरीवर एकटीला गाठलं.

"याडी, शाळेत मले हाक मारू नको."

याडी म्हणजे आई. त्यांच्या गोरबोलीतला तेवढा एक शब्द त्याच्या तोंडात उरला होता, बाकी सगळं तो आता गावासारखं बोलायचा.

"काहून रे?"

"पोरं हासतीन. मी सांगतलं हाय, माही माय तांड्यावर राहते."

धनीबाईने घागर भरली. जीव तुटला तिचा, पण तिने स्वतःची समजूत घातली: शिकू दे, मोठा होऊ दे, मग चारचौघांत याडी म्हणेल. अशी समजूत घालून घ्यायची आयांना भारी हौस असते.

दिवाळी सरली, दाबाचा धडा जवळ आला, तशी तिची झोप उडाली. पोराच्या देखत तसं उभं राहायचं? सगळ्यांबरोबर तोही हसला तर? शेवटी ती सरांकडे गेली.

"सर, औंदा मले नका बोलावू जी."

"कायले?"

खरं कारण सांगता येत नव्हतं. "मान दुखून राह्यली."

सर कळवळले. "बरं बरं. औंदा विटा वाळूवर ठेवून दाखवतो." धनीबाईला वाटलं, सुटले.

धड्याच्या दिवशी ती रांजणात पाणी ओतत होती, तोच वर्गातून खुद्द खेमसिंग आला. झालं होतं असं, की वाळू निघाली ओली. वीट उभी ठेवा की आडवी, रुततच नव्हती. सर हिरमुसले, तेव्हा यानेच हात वर केला होता: पाणीवाल्या बाईला आणू का? वरच्या वर्गाच्या पोरांकडून त्याने तो प्रयोग ऐकला होता.

"बाई," तो म्हणाला, "सरनं बोलावलं. भरली घागर घेऊन चला."

बाई. चला. परक्या बाईला द्यावा तसा मान दिला पोराने. नाही म्हणावं तर दारात दोन पोरं कान टवकारून उभी. ती गेली.

सर जरा ओशाळले होते. "थोडाच वेळ, धनीबाई." चुंबळीवर घागर ठेवून झाली. मग दोन पोरांनी घागर उचलून धरली आणि सर म्हणाले, "खेमसिंग, चुंबळ काढ." त्याची बोटं तिच्या केसांना लागली. लहानपणी तिच्याबरोबर शेतावर गेला की याच चुंबळीवर डोकं ठेवून तो झोपायचा. आता ती त्याने दोन बोटांत, अंगापासून लांब धरली.

घागर टाळूवर आली. कळ डोळ्यांपर्यंत गेली.

"आता? दुखतं ना?"

सगळा वर्ग हसायला टपलेला. खेमसिंगचेही ओठ हलू लागले होते.

"नाही दुखत," धनीबाई म्हणाली.

"अगं, दरवर्षी तर दुखतं!"

"नाही दुखत जी."

सरांचा खडू फळ्याशी थांबला. प्रयोग बिघडला तर बिघडू दे. आपलं दुखणं पोराला हसायला द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. तेवढ्यात खेमसिंग बोलला.

"सर, दाब तर वाढलाच. जागा कमी झाली ना. बाईले ओझ्याची सवय हाय, म्हणून समजत नाही तिले."

"शाब्बास!" सर एकदम खुलले. "याला म्हणतात विचार करणं! कोणाचा रे तू?"

"रामधनचा, सर."

"आईबापाचं नाव काढशील, पोरा!"

टाळ्या पडल्या. धनीबाईने घागर उतरवून कमरेवर घेतली आणि ती दाराकडे वळली.

"बाई, तुमची चुंबळ," खेमसिंग मागून म्हणाला.

"राहू दे. पुढच्या सालीबी सरले लागन."

त्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या खेपा तिने उघड्या टाळूवरच घातल्या. सवय होती ना बाईला.