एफ्रेनच्या चौदा पायऱ्या

आमचा एफ्रेन सॅन पेड्रोच्या बंदराजवळ टायरच्या दुकानात काम करतो. गुडघा धड वाकत नाही, तरी दिवसभर गाड्यांपाशी ओणवा. सतराव्या वर्षी हा माणूस सिनेमात होता म्हटलं तर गिऱ्हाईक हसेल.

सिनेमा आमच्यावरच होता, स्केटबोर्डवाल्या उनाड पोरांवर. बंद पडलेल्या शाळेच्या चौदा पायऱ्या एफ्रेनने एका उडीत पार करायच्या, हे त्यातलं मुख्य दृश्य. तीस वेळा आपटला गडी. कोपरं सोलली, एक दात गेला. एकतिसाव्यांदा चारही चाकं टेकली आणि बोर्डावर उभाच्या उभा तो पार रस्त्यापर्यंत गेला. कॅमेरावाले सोडले तर तिथे आमच्यातला एकटा मीच होतो.

पण दिग्दर्शक बाईंनी काय करावं? उडी हवेतच तोडली आणि पुढे त्याच्या आईचा चेहरा दाखवला! मोठ्या वर्तमानपत्रांनी तोंड भरून कौतुक केलं. एकाने लिहिलं, 'पोरगा खाली येतच नाही, हेच या सिनेमाचं काव्य.' काव्य म्हणे, डोंबल! आमच्यात बोर्डावर उतरून पुढे गेलेलं दिसलं नाही, तर उडी धरतच नाहीत. आमच्या पोरांच्या मासिकाने एका ओळीत निकाल लावला: 'उतरला नाही, म्हणून कापलं.' उरलेली फिल्म मागायला एफ्रेन गेला, तर ती केव्हाच फेकलेली.

बोर्डांच्या दुकानात पोरं त्याला छळायची. "काय हीरो, अजून हवेतच का?"

एकदा तो कळवळून म्हणाला, "लॉइडला विचारा ना! तो होता तिथे."

सगळे माझ्याकडे वळले. त्याच पायऱ्यांवर मी दोन महिने आपटलो होतो, एकदाही उतरलो नव्हतो. जळत होतो मी, दुसरं काय.

"मी तेव्हा पाणी आणायला गेलो होतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून तो पुन्हा त्या पायऱ्यांवर चढला. पहिल्याच उडीत गुडघ्याचा चुरा झाला.

सत्तावीस वर्षांनी, गेल्या महिन्यात, टायर बदलायला गेलो तेव्हा मी एकदाचं बोललो. "एफ्रेन, तू उतरला होतास. मी पाहिलं होतं. मी हलकट, खोटं बोललो."

तो चाकाचे नट आवळत राहिला.

"जाऊ दे रे लॉइड," तो म्हणाला. "आता कशाला माझी समजूत काढतोस? नव्हतोच उतरलो मी."