हेंकसाहेबांचं हाशे

रियाज हमदुले खेडकडचा. चौदा वर्षांपूर्वी कतारला आला तेव्हा समुद्रात भराव टाकणाऱ्या एका कंपनीत सर्व्हेची काठी धरून उन्हात उभं राहायचं, एवढंच त्याचं काम होतं. काठी सुटून हातात यंत्र आलं ते हेंकसाहेबांमुळे. हेंक हॉलंडचे, मुख्य सर्व्हेअर, साठी ओलांडलेले, बायकोपासून फार वर्षांपूर्वी वेगळे झालेले. चूक झाली की चारचौघांत ओरडायचे, आणि ओरडून झालं की तीच गोष्ट न कंटाळता पुन्हा शिकवायचे.

दर शुक्रवारी ते अल हिलालच्या आपल्या फ्लॅटवर हाशे करत. हाशे म्हणजे त्यांच्याकडचं, तासन् तास मंद आचेवर शिजवलेलं बीफ. जुम्म्याची नमाज आटोपून रियाज तिकडे जेवायला जाई. पहिल्याच वेळी हेंकनी बिडाचं जड पातेलं त्याच्यापुढे धरलं होतं.

"नवं आणलंय. यात दारूचा थेंब पडलेला नाही. बीफही हलाल दुकानातलं. बिनघोर जेव."

आठ वर्षं हा नेम चालला, आणि त्यात रियाजही हाशे करायला शिकला. पुढे बायको रिफत आणि लेक इनाया दोह्याला आल्या, अल मन्सूऱ्यात एका खोलीचा संसार थाटला गेला, तरी शुक्रवारची दुपार हेंकसाहेबांचीच राहिली.

गेल्या मार्चमध्ये एका ठिकाणी भरावाची उंची चुकीची नोंदली गेली. चूक रियाजची होती. हेंकनी अहवालात सरळ त्याचं नाव लिहिलं आणि कंपनीने त्याला ताकीदपत्र दिलं. चूक आपली आहे हे रियाजला पक्कं ठाऊक होतं. पण साहेबांनी आधी आपल्याशी बोलायला हवं होतं, आठ वर्षं एका ताटात जेवल्यावर एवढं तरी करायला हवं होतं, हे त्याच्या मनातून जाईना. गुरुवारी हेंकचा मेसेज आला, "उद्या ये. बोलू." त्याने उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी तो घरीच जेवला. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. हेंकसाहेब. त्याने वाजू दिला. पंधरा मिनिटांनी पुन्हा वाजला.

"उचला की," रिफत म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. जरा कळू दे त्यांना पण."

त्याने फोन उपडा घातला आणि आडवा झाला.

रविवारी हेंक साइटवर आले नाहीत. आपल्याला टाळत असतील, असं रियाजला वाटलं. खरं तर तोंड दाखवावं लागलं नाही म्हणून बरंच वाटलं. सोमवारी इमारतीच्या वॉचमनने दार उघडलं तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या लादीवर मरून पडलेले सापडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. गॅस बंद होता. टेबलावर दोन ताटल्या मांडून ठेवलेल्या होत्या.

तीन आठवड्यांनी त्यांची मुलगी आनेके सामान न्यायला आली. तिशीची, उंच, वडिलांसारखीच पाणीदार निळ्या डोळ्यांची. लहानपणापासून आईकडे वाढलेली. कंपनीने तिला पत्र पाठवलं होतं, वडील अचानक गेले, यातना झाल्या नाहीत. तिने रियाजला फोन केला.

"बाबा म्हणायचे, रियाज माझ्यापेक्षा चांगलं हाशे करतो. मी त्यांच्या हातचं कधी खाल्लं नाही. मला शिकवाल?"

नाही कसं म्हणणार? शनिवारी सकाळी ती मन्सूऱ्यात आली. रियाजने बीफचं, खांद्याचं मटण आणून ठेवलं होतं. लोण्यात तुकडे काळपट होईपर्यंत परतले. मटणाइतकाच कांदा लागतो, तो आनेकेने चिरला. मग तमालपत्रं, लवंगा, व्हिनेगर, पाणी.

"कुकरला लावा, चार शिट्ट्यांत होईल," रिफत म्हणाली.

"नाय. याला तीन तास लागतात," रियाज म्हणाला आणि आच अगदी बारीक केली. शेवटी मसाल्याच्या केकचा तुकडा, त्याला मोहरीची पेस्ट फासून, वर ठेवायचा. तो विरघळला की रस्सा दाट होतो. तो केक आनेकेनेच हॉलंडहून आणला होता.

दोन तास झाले. आनेके स्टुलावर बसून पातेल्यातून येणारा मसाल्याचा वास घेत होती. मग म्हणाली, "बाबांचा फोन मला मिळाला. शेवटचे दोन्ही कॉल तुम्हाला आहेत. काय म्हणाले ते?"

रियाजने चमचा पातेल्यावर ठेवला. रिफत दारात उभी होती. प्रश्न तिला कळला. ती हळूच आपल्या भाषेत म्हणाली, "रेंज नव्हती म्हणा. तिला तेवढंच बरं वाटेल."

रियाजच्या जिभेवर ते आलंही होतं. पण समोरच्या त्या डोळ्यांकडे बघून त्याला खोटं बोलवेना.

"मी उचलला नाही," तो म्हणाला. "घरीच होतो. फोन हातात होता. रागावलो होतो त्यांच्यावर."

"कशासाठी?"

त्याने ताकीदपत्राचं सांगितलं. सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

"एका पत्रासाठी," आनेके म्हणाली. आवाज चढला नाही. तिने चिरायला घेतलेली सुरी धुतली, पुसून जागेवर ठेवली, पर्स उचलली आणि निघाली. रियाज चप्पल न घालताच जिन्यापर्यंत धावला. तिने मागे पाहिलं नाही.

मटण अजून कच्चटच होतं. "आंटी जेवणार नाही का?" इनायाने इंग्रजीत विचारलं. रिफतने ते पुढे तासभर शिजू दिलं आणि तिघं जेवायला बसली. रियाजने एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं.

चार दिवसांनी हॉलंडहून तिचा मेसेज आला. 'हॉस्पिटलचा शवविच्छेदन अहवाल मिळाला. बाबा शुक्रवारी दुपारी पडले आणि शनिवारी सकाळपर्यंत जिवंत होते. हे एकटीला बाळगवत नाही म्हणून कळवते आहे.' त्याने माफी मागणारा लांबलचक मेसेज लिहिला. तिने वाचला. उत्तर आलं नाही, आणि पुढेही कधी आलं नाही.

त्याने आनेकेचा मेसेज रिफतला वाचून दाखवला. "मी तरी जोर करून उचलायला लावायला हवं होतं," एवढंच ती म्हणाली.

रियाज कामावर जातो. हेंकच्या जागी नवा माणूस आला आहे, चांगला आहे, ओरडत नाही. साइटवर जुन्या लोकांत कधीकधी हेंकसाहेबांचा विषय निघतो. "चांगला माणूस होता. सुटला बिचारा पटकन," असं कुणीतरी म्हणतं. तेव्हा रियाज हातातलं काम थांबवतो.

"पटकन नाही सुटले," तो म्हणतो. "दुसऱ्या दिवसापर्यंत होते. मला दोनदा फोन केला होता, मी घेतला नाही."

मग लोक आपापल्या कामाला लागतात. आताशा त्याच्यासमोर हेंकसाहेबांचं नाव कुणी काढत नाही.