जागा सापडनी का?

धुळ्याहून एस.टी.नं भडगावजवळ अक्काच्या सासरी उतरलो, की ती ओट्यावरूनच विचारायची, "काय रे भाऊ, जागा सापडनी का?" चहापाणी नाही, खुशाली नाही, आधी हेच. मीही बॅग टेकवता टेकवता म्हणायचो, "शोधतोय, अक्का."

अक्का माझी थोरली बहीण. तिला दमा होता. कापसाच्या धुळीनं उठायचा, आणि दिवाळीनंतर तर त्या घरात कापूसच कापूस. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, माणसांनी उरलेल्या कोपऱ्यात झोपायचं. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला, तर दाजींना म्हणाली, "माले काय कपाशी समजनात का, पंप माराले?" सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता तिला अशी ढास लागली की हसणाऱ्यांची तोंडं उतरली. पंप देव्हाऱ्याशेजारी पडून राहिला.

मी तेव्हा धुळ्यात औषधशास्त्रात संशोधन करत होतो. संशोधन म्हणजे काय, तर गिनिपिगच्या श्वासनळीची पट्टी कोमट खारट पाण्यात टांगायची. ती आक्रसली की रॉकेलच्या धुरानं काळ्या केलेल्या कागदावर सुई रेघ ओढायची. माझी नखं कायम काळी. त्या प्राण्याला आधीच अंड्याच्या पांढऱ्याची ॲलर्जी आणलेली असे. ते पांढरं पाण्यात पडलं की पट्टी आक्रसणार. आम्ही औषध घालून हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत अंगात सुटणाऱ्या रसायनाचा, रस्ता बंद केला, तरी मेली आक्रसलीच! जरा सावकाश, पण सुटायचं नाव नाही. च्यायला, म्हणजे कळ दाबणारा दुसराच कोणीतरी, आणि त्याची बसायची जागाही दुसरीच. ती सापडली की तिथं औषध बसवता येईल, असं मी अक्काला एकदा मोठ्या हौसेनं सांगितलं होतं. 'जागा' म्हणालो, दुसरा शब्द होता कुठं? तिथं बसणारी गोळी पुढं निघाली, बऱ्याच वर्षांनी. तेव्हा अक्का नव्हती.

एका हिवाळ्यात गेलो, तर ती खांदे वर ओढून ओट्यावर बसलेली. शेजारी बांधलेलं गाठोडं.

"कुठं निघालीस?"

"तुन्या जागावर."

मला काही कळेना. दाजी खाली मान घालून म्हणाले, "डॉक्टर तिला सांगतात, जागा बदला. तू शोधतोच आहेस म्हणून ती थांबली होती."

अरे देवा! मोकळ्या हवेतलं घर मी तिच्यासाठी बघतोय, असं ती इतके दिवस धरून बसली होती. आता काय समजावणार तिला? मी गाठोडं उचललं आणि तिला धुळ्याला माझ्या खोलीवर आणलं.

खोली धुऊन काढली. गादी बाहेर, उशा बाहेर, कापसाचं बोंडसुद्धा आसपास नाही. सुरुवातीला ती छान राहिली. भाकरी थापल्या, माझ्या नखांवरून मला चिडवलं. वाटलं, जमलं बुवा. आणि मग भर दुपारी, त्या लख्ख खोलीत, तिची छाती वाजायला लागली. कापूस बंद केला, तरी आक्रसलीच. एवढा शिकलेला मी, आणि करत काय होतो, तर पाठ चोळत होतो! मग रिक्षा, दवाखाना, इंजेक्शन, तेवढ्यापुरता उतार. इतका संताप आला होता, पण काढायचा कोणावर?

"मी घर चालनी," ती म्हणाली. थांब म्हटलं, ऐकेना. स्टँडवर गाडीत बसवून दिलं. मी खिडकीखाली उभा. तिनं वाकून माझा हात धरला आणि एकेक शब्द ओढत म्हणाली, "मी काय मोठी जागा मांगस का रे भाऊ? एक दम मावी, इतलीच."

कंडक्टरनं घंटी मारली.

"शोधतोय, अक्का," मी म्हणालो.