न लढणाऱ्या राजाची बायको

शेवटचं भेटले तेव्हाही मी ह्यांच्यावर चिडलेच होते. वॉर्डमध्ये नशिबाने खिडकीजवळचा बेड मिळालेला. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर हे दाराशी, वाऱ्यात. म्हणाले, "अगं, त्या म्हाताऱ्याला बाग बघायची होती." म्हातारा ह्यांच्याहून लहान… पहाटे हॉस्पिटलचा फोन आला. माझं भांडण अर्धंच राहिलं.

देऊन टाकायची खोड मूळचीच, पण तिला एक राजा मिळवून दिला तो तरुणपणी ह्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका कोरियन डॉक्टरने. सिल्ला नावाच्या प्राचीन राज्याचा शेवटचा राजा. शेजारी प्रबळ झाले, तेव्हा निरपराध माणसं मरायला नकोत म्हणून ह्याने न लढता राज्य हवाली केलं. युवराज संतापला आणि जाडीभरडी वस्त्रं घालून डोंगरात निघून गेला. म्हणे पाला खाऊन राहिला. गड झुंजवणाऱ्यांच्या गोष्टींवर वाढलेली मी. म्हटलं, "ह्यात कौतुक कसलं?" तर म्हणाले, "कौतुक नाही गं. राज्य देऊन आल्यावर तो जेवला असेल का, एवढंच मनात येतं."

पुढे ऐंशीच्या दशकात लंडनला, हॅरोच्या आमच्या मराठी मंडळात भांडण पेटलं. हे अध्यक्ष, मी चिटणीस. पाटकर आणि त्यांच्या मंडळींना कारभार हवा होता, नाहीतर वेगळा गणपती बसवणार होते. मी घरोघरी फोन करून मतं बांधली, भाषण पाठ केलं. सभा सुरू झाली आणि ह्यांनी गणपतीच्या कपाटाची किल्ली पाटकरांपुढे ठेवली. "गणपती एकच राहू दे." बस्स. घरी आल्यावर हे जेवले नाहीत, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष कुठे होतं?

मी युवराज झाले होते ना. दागिने काढून, सुती साडी नेसून, ऐन थंडीत एडिनबराला ताईकडे… डोंगर तिथे आहेतच. पहिल्या दिवशी नुसतं लेट्यूस खाल्लं. संध्याकाळी ताईने विचारलं, "युवराजांना भजी चालतात का?" चालली. चांगली ताटभर चालली. परतले तर स्टेशनवर हे, हातात माझा जाड कोट. "वनवास कसा झाला?"

त्यानंतर दर गणपतीत हे मागे चहाच्या पिंपाशी, आणि शेवटी खुर्च्यांच्या घड्या घालायला. एक वाकड्या पायाची खुर्ची हटकून बोट चिमटायची. ती कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

गेल्या महिन्यात शोकसभा झाली. हॉल गच्च, तेव्हाचे दोन्ही गट शेजारी शेजारी. मंडळ फुटलं असतं तर दोन शोकसभा झाल्या असत्या आणि मला दोन्हीकडे रडावं लागलं असतं. पाटकर भाषण अर्ध्यावर सोडून खाली येऊन बसले.

सगळं आवरल्यावर मागे ती एकच खुर्ची उघडी राहिली. "वहिनी, राहू द्या, मी करतो," पाटकर म्हणाले. मी कसली ऐकतेय.

चिमटलंच. अहो, इतकी वर्षं निदान सांगायचं तरी, एवढं लागतं म्हणून…