तिसऱ्या वर्गातला हवालदार

एम.डी.च्या प्रबंधासाठी मी निवडलेला विषय ऐकून आमच्या वरिष्ठांनी विचारले होते, "यात उपचार कुठे आहे?" विषय असा: यकृत आकसून निबर झालेल्या रुग्णाला रक्ताची उलटी झाली, तर तो वाचेल की नाही हे दाखल होतानाच सांगता येईल का? उपचार त्यात नव्हता, हे खरे. पण सत्तरच्या दशकातल्या सांगलीत आमच्या हाती उपचार तरी कितीसे होते? बर्फाच्या पाण्याने पोट धुणे, फुगा बसवलेली रबरी नळी अन्ननलिकेत उतरवून फुगलेल्या शिरा दाबून धरणे, आणि मिळाले तर रक्त. निदान आशा कोणाविषयी धरावी हे तरी नेमके कळावे, असा माझा हट्ट होता. त्या कामाने नाव व्हावे, अशीही इच्छा होती.

कावीळ, पोटातले पाणी, गुंगी, रक्तातली प्रथिने आणि शरीराचे पोषण अशी पाच लक्षणे पाहून मी रुग्णांचे तीन वर्ग करीत असे. तिसऱ्या वर्गातले बहुतेक जात.

पाटणकडचा तो निवृत्त हवालदार तिसऱ्या वर्गातच आला. डोळे पिवळेजर्द, पोट तडस लागल्यासारखे ताणलेले, आणि आपण बराकीत आहोत अशा समजुतीने तो पहाऱ्याची बदली मागत होता. पलटणीतली रम सुटल्यावर गावातली हातभट्टी धरल्याचे त्याच्या धाकट्या भावाने सांगितले. त्याच भावाला मी रक्त देण्याविषयी विचारले, तेव्हा तो दाराकडे सरकला. "रगत दिल्यावर माणूस कामातनं जातो, बाई. माजी लागवड खोळंबलीया." रक्तपेढीतून एकच बाटली मिळाली.

दुपारी हवालदाराची बायको मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "आवं बाई, काय आसंल ते खरं सांगा. पोरीचं लगीन धरलंय. जावई फौजेत हाय, त्येची रजा सरत आली. ह्ये गेलं तर वरीसभर घरात अक्षता पडायच्या न्हाईत, आन् पाव्हणं काय तवर थांबायचं न्हाईत."

प्रश्न स्पष्ट होता. मी उत्तरही तसेच दिले. या अवस्थेतले बहुतेक रुग्ण घरी परतत नाहीत, आणि जे व्हायचे ते या आठवड्यातच होईल.

"मग परवाच उरकू," भाऊ म्हणाला. "कन्यादानाला आमी जोडीनं बसतो. वहिनी, कपाळावर कुकू हाय तवर चला."

नवऱ्याजवळ नणंदेला बसवून ती दिराबरोबर पाटणला गेली.

लग्न झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती परतली, ती एका ट्रकमधून. बरोबर हवालदाराचे पलटणीतले जुने सोबती होते. लग्नाला जमले होते, तिथूनच थेट अखेरचे भेटायला आले होते. कुणाच्या फेट्यात अजून अक्षता होत्या. त्याच्या अन्ननलिकेतला फुगा सैल केला की रक्त पुन्हा येते आणि भरायला रक्त नाही, एवढे मी सांगितले. त्यांच्यातल्या सर्वांत थोराड माणसाने बाही वर सारली. मागचा एकजण घुटमळताच तो वळून म्हणाला, "काय रं गड्या, गोळीला भ्याला न्हाईस, आन् आता सुईला?"

"भ्यालोय कोण? माज्या रगतात बी रमच निघंल, चालंल का इचार बाईंस्नी."

ज्यांचे रक्त जुळले, त्या सर्वांनी दिले. रक्तस्राव थांबला. हळूहळू गुंगी उतरली आणि हवालदाराने पहाऱ्याऐवजी चहा मागितला. माझ्या पाच लक्षणांत असल्या सोबत्यांना जागा नव्हती.

पलटणीत परतण्यापूर्वी जावई मुलीला घेऊन पाया पडायला आला. तिच्या हातांतला हिरवा चुडा हवालदार बराच वेळ पाहत राहिला. मी शेजारच्या खाटेवरचा रुग्ण तपासत होते.

"कन्यादानाला कोण बसलं?" त्याने विचारले.

"काका-काकी," मुलगी म्हणाली.

"मी जित्ता असताना."

बायको खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टरीण बाईंनी सांगितलं व्हतं."

त्याने माझ्याकडे पाहिले. "व्हय, बाई?"

"हो. त्या वेळची लक्षणे तशीच होती."

"आसतील," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला. मुलीने पायांवर डोके टेकले तेव्हाही तो वळला नाही. जावई बसस्थानकावर जायची घाई करू लागला, तशी ती डोळे पुसत त्याच्यामागे गेली.

त्यानंतर वॉर्डात त्या नवराबायकोचे बोलणे मी ऐकले नाही. ती भात कालवून पुढे ठेवी, तो खाई. घरी जाण्याच्या दिवशी मी बिनमिठाचे जेवण समजावत होते, तेव्हा ती सवयीने बोलून गेली, "आता किती दीस म्हणायचं, बाई?" आणि बोलताच तिने पदर तोंडाशी नेला.

"सांगा की," हवालदार म्हणाला. "आता घरात कुणाचं लगीन ऱ्हायलं न्हाई."

शिरा अजून तशाच फुगलेल्या होत्या. त्या पुन्हा फुटतील, बहुधा वर्षाच्या आत, असे मी सांगितले. तो मान डोलावून उठला. तिने आधारासाठी हात पुढे केला. तो न घेता, खाटांचे दांडे धरत धरत तो दारापर्यंत गेला. गाठोडे छातीशी धरून ती तिथेच उभी होती, तो बाहेर पडेपर्यंत.