एक्केचाळीस मिनिटांची डिस्क

हे मी घरातही कुणाला सांगितलेले नाही — बायकोलाही नाही. सतरा वर्षे झाली.

बमरोलीच्या मिलमध्ये मी साड्यांच्या डिझाइनच्या डिस्क बनवत असे. डिस्क आत सरकवली की कॅटलॉग आपोआप उघडायचा. व्यापाऱ्यांकडे तीन प्रकारचे कॉम्प्युटर — विंडोज, मॅक, लिनक्स. मी तिन्हींवर तपासायचो, मगच पाकिटावर सही करायचो. माझी सही म्हणजे चूक नाही, असे मिलमध्ये म्हणत.

आत्माराम माझा सोबती, रंगखात्यातला, धुळ्याकडचा. घशाचे ऑपरेशन ठरले. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. मुलीसाठी, नंदासाठी, त्याला बोलून ठेवायचे होते. मी माइक लावून दिला आणि दार ओढून बाहेर बसलो. एक्केचाळीस मिनिटे. डिस्क फक्त माझ्या विंडोजवर घालून पाहिली, पहिले वाक्य ऐकले — "जेवनी का व माय?", म्हणजे जेवलीस का गं पोरी — आणि पाकिटावर लिहिले: तिन्हींवर तपासले. सही केली.

खोटी सही. पण कबूल करायचे ते एवढेच असते तर?

ऑपरेशननंतर महिनाभराने तो आला. हातात पाटी. नंदाच्या कॉम्प्युटरवर काहीच वाजत नाही, असे लिहिलेले. तो कॉम्प्युटर लिनक्सचा. तिथे फाइल हाताने उघडायची, एवढेच सांगायचे होते — पण मग सही खोटी ठरली असती ना?

मी डिस्क माझ्या कॉम्प्युटरमध्ये घातली. आणि टेबलाखाली — पायाने — स्पीकरची वायर ओढली. पडद्यावर आवाजाचा काटा सरकत होता. मी पडदा माझ्याकडे वळवला.

"कोरीच आलीय रे आत्माराम. तुझा आवाज तेव्हाच बसला होता."

त्याने माझ्याकडे पाहिले. पाटी पुसली. डिस्क तिथेच ठेवून गेला. दिवाळीपर्यंतही जगला नाही.

डिस्क मी फेकली नाही. का नाही? माहीत नाही.

मागच्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला, सोबत डिस्क वाचणारी डबी. नव्या यंत्रणेत डिस्क आपोआप चालू होत नाही — ती आधी विचारते. आपोआप चालू होण्याची सोय मी स्वतः बंद केली, दोनदा पाहिले. मग डिस्क घातली. तिने विचारले नाही.

"जेवनी का व माय?"

तेव्हापासून सहा वेळा घातली. सहाही वेळा तेच. हा हिशेब मला लागत नाही. बटणाला हात लावायच्या आधी खोलीत तो बोलत असतो — खोकतो, थांबतो, आणि त्या थांबण्यात कुणीतरी ऐकत असल्यासारखे वाटते.

पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकले. चाळिसाव्या मिनिटाला माझे नाव आहे. "हाई त्यानी करी दिधं, नंदा. त्याले इसरू नको."

ती विसरलेली नाही. दर दिवाळीला फराळ घेऊन येते, काका म्हणते, पाया पडते.

नंदा भेस्तानला राहते. माझ्या दारापासून साडेतीन किलोमीटर. डिस्क अजून माझ्या टेबलावर आहे.